दहा सेकंदांचं सुतक

माझी बायको लीला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गेली. आजार पोटाचा होता. आम्हाला तो कळला तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिच्या तेराव्याला तिच्या कॉलेजातला शंतनु जेवायला आला होता. बुंदीचा दुसरा लाडू घेताना तो मला म्हणाला, "मॅडमचं युनिट आता शिकवायचं कुणी, हा प्रश्नच आहे." जेवायला बसलेल्या माणसाला बोलायचं नसतं, म्हणून मी गप्प राहिलो. पण ते वाक्य मी विसरलो नाही.

लीला परभणीच्या एका खासगी पॉलिटेक्निकमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनच्या मुलांना प्रोसेस कंट्रोल शिकवायची. टाकीतल्या पाण्याची पातळी, रसाचं तापमान, वाफेचा दाब या गोष्टी यंत्राने आपल्या आपण कशा सांभाळायच्या, याचा तो विषय आहे. मी पाथरीकडच्या एका साखर कारखान्यात तेच काम करतो, म्हणून मला त्यातलं कळतं. लीला मुलांना आधी विकलक समीकरणं शिकवायची, आपण ज्याला डिफरन्शियल इक्वेशन म्हणतो ती. तिचं म्हणणं असं की हे आलं नाही तर बाकीचं सगळं पाठांतर. मुलं कुरकुर करायची, पण शिकायची. शंतनु तिच्या हाताखाली लागला होता. ती आजारी पडली तसा विषय त्याच्याकडे गेला, आणि ती गेल्यावर विभागप्रमुखही तोच झाला.

या उन्हाळ्यात तिसऱ्या वर्षाच्या तोंडी परीक्षेसाठी एक्स्टर्नल म्हणून माझं नाव निघालं. कारखान्यातला कुणीतरी माणूस दर वर्षी लागतो. मी हो म्हटलं. मनाशी ठरवूनच गेलो की एकालाही सोडायचं नाही. शंतनुने वर्षभर काय शिकवलं ते निकालात दिसू दे.

लॅबमध्ये गेलो तर शंतनुने पंखा माझ्याकडे वळवला, गार पाणी दिलं आणि एक कागद पुढे सरकवला. गुणांच्या तक्त्याखाली परीक्षकाच्या अभिप्रायाची जागा होती आणि अभिप्राय आधीच टाइप केलेला होता. 'गणिताचा भाग विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरचा आहे. तो वगळून सॉफ्टवेअरचा सराव ठेवावा.'

"हा माझा अभिप्राय आहे का?" मी विचारलं.

"सही केली की होईल. दिनकरराव, पोरं चांगली आहेत. आपण सगळ्यांना पास करून टाकू. तुम्ही एवढं करा."

"माझीच सही कशाला? कुणाचीही चालली असती."

"मॅडमचं युनिट काढायचं म्हटलं की स्टाफमधले दोघं-तिघं डोळे पुसायला लागतात. घरच्याच माणसाची सही असली म्हणजे विषय मिटला. आमचं कॉलेज आता स्वायत्त आहे, अभ्यासक्रम आम्हीच ठरवतो. प्राचार्यांना फक्त कागद पाहिजे."

तो हे इतक्या सरळपणे बोलला की त्याचा राग धरायला मला काही कष्ट पडले नाहीत.

"आधी परीक्षा घेऊ," मी म्हणालो.

मुलं आत आली. चौदा होती. मी सगळ्यांना एकदमच उभं केलं. एकेकाला बोलवायचं आणि गोड बोलायचं हे मला करायचंच नव्हतं.

पहिला हरिओम. देवगाव फाट्याचा, वडिलांचं तिथे पंक्चरचं दुकान. मी त्याला विचारलं, "टाकीत पाणी तापतंय. तू हीटर वाढवलास. सेन्सरवरचा आकडा किती वेळाने हलेल?"

"धा सेकंदानं, सर."

"कशावरून?"

"डेड टाइम हाय ना, सर."

डेड टाइम हा आमच्या धंद्यातला रोजचा शब्द आहे. आपण व्हॉल्व्ह फिरवतो, पण त्याची खबर सेन्सरपर्यंत पोचायला वेळ लागतो. तेवढा वेळ आकडा ढिम्म हलत नाही. कच्चा माणूस घाबरतो, आणखी फिरवतो, पुन्हा आणखी फिरवतो. मग सगळं एकदम पोचतं आणि रस उतू जातो. हरिओमने शब्द बरोबर सांगितला होता. पण दहा कुठून आणले?

दुसऱ्याला विचारलं. दहा. परमेश्वर नावाच्या जाड भिंगाच्या चष्म्याच्या मुलाला विचारलं. तोही म्हणाला, "दहा." मी प्रश्न बदलला. वाफेच्या दाबाचा विचारला, दुधाच्या प्लँटचा विचारला. दहा, दहा, दहा.

"सगळे एकाच विहिरीचं पाणी प्यालात का?" मी म्हणालो. "दहा कुठून आले? कुणी सांगेल का मला?"

मागून एक मुलगी पुढे आली. राजेश्री, पेडगावची. मला घाबरलेली दिसत नव्हती, ते मला आवडलं नाही.

"सर, डेड टाइम म्हंजे सुतक. सुतकात कशाला हात लावायचा नसतोय. तसं व्हॉल्व्ह फिरवला की हात लावायचा न्हाई, आकडा हलस्तोवर थांबायचं. आन सुतक दहा दिवसाचं ऱ्हातंय, म्हणून दहा सेकंद."

ती थट्टा करत नव्हती. पुस्तकातलं सांगावं तसं सांगत होती.

सुतक हा शब्द लीलाचा होता.

तिचे वडील सेलूला भिक्षुकी करायचे. त्यांच्या दारात रोज कुणी ना कुणी उभं असायचं. चुलत्याचं किती धरायचं? लग्न झालेल्या मुलीला आईबापाचं किती? बातमी महिन्याने कळली तर किती? आणि ते प्रत्येकाला वेगळं सांगायचे. कुणाला दहा दिवस, कुणाला तीन, कुणाला म्हणायचे नुसती अंघोळ कर आणि कामाला लाग. लीला हे ऐकत मोठी झाली. पुढे वर्गात शिकवताना तिला ते आठवलं. सुतक किती हे नात्यावर आणि बातमी कधी पोचली यावर ठरतं, तसा डेड टाइम नळी किती लांब आणि पाणी किती जोरात यावर ठरतो, असं ती सांगायची. सुतक सगळ्यांना सारखं नसतं, हा तर त्यातला मुद्दा होता. या मुलांनी शब्द ठेवला होता आणि नेमका मुद्दा सोडला होता.

"हे तुम्हाला मॅडमनी सांगितलं?" मी विचारलं.

"मॅडम आमाला दोनच आठवडे हुत्या, सर," राजेश्री म्हणाली. "मंग दवाखान्यात गेल्या. हे सिनियरनं सांगितलंय."

शंतनु हसला. "बघा. मी नाही हं शिकवलेलं. हे मॅडमचंच आहे, वरून उतरत आलंय."

"मग तुम्ही खोडलं का नाही?"

"खोडायचं कशाला? सॉफ्टवेअरमधल्या तयार उदाहरणात दहाच असतात. पोरं दहा टाकतात, स्क्रीनवर कंट्रोलचा लूप नीट चालतो. कुणाचं काय बिघडलं?"

मुलांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यांना यात चूक काय तेच कळलेलं नाही. सिनियरने दहा सांगितले, संगणकाने दहा दाखवले. त्यांच्या लेखी विषय सिद्ध झाला होता.

मी पेन हातात घेतलं आणि तसाच बसलो. नापास करायला आलो होतो. पण नापास केलं तर शंतनु म्हणणार, बघा, मॅडमची पद्धत पोरांना झेपत नाही, वरून मॅडमचीच चुकीची शिकवण. पास केलं तर म्हणणार, बघा, समीकरणाशिवाय पोरं निघाली. दोन्हीकडून त्याचा टाइप केलेला कागद खरा ठरत होता. लीलाचं इतक्या वर्षांचं काम एका दुपारी जाणार, आणि जाताना तिच्याच शब्दाचा पुरावा देऊन जाणार.

"ते यंत्र चालू करा," मी म्हणालो.

कोपऱ्यात शिकवण्यासाठीचं एक छोटं यंत्र होतं. स्टीलची टाकी, तिला हीटर, खाली पाणी बाहेर पडायला तांब्याच्या नळीची मोठी वेटोळी, आणि नळीच्या टोकाला सेन्सर. लीलाने प्राचार्यांच्या मागे लागून ते घ्यायला लावलं होतं. त्यावर चादर टाकलेली होती. चादर आमच्या घरची होती, निळ्या पट्ट्यांची. तिने ती कधी इथे आणली ते मला माहीत नव्हतं.

"त्याची काही गरज नाही," शंतनु म्हणाला. "वर्षभर बंद आहे. पोरांना चालवता येत नाही."

"प्रोसेस कंट्रोलच्या पोरांना यंत्र चालवता येत नाही, हे लिहू का अभिप्रायात?"

त्याने किल्ल्यांचा जुडगा टेबलावर आपटला. मी चादरीची घडी घातली आणि माझ्या पिशवीत ठेवली. 

"राजेश्री, तू चालव. पन्नास अंशावर पाणी आणून दाखव. तुझे दहा सेकंद टाक."

तिने पाणी सोडलं, संगणकात दहा टाकले. सॉफ्टवेअरने त्यावरून आकडे काढून दिले, ते तिने कंट्रोलरमध्ये भरले आणि हीटर लावला. दहा सेकंद झाले. सेन्सर गप्प. वीस झाले, सेन्सर गप्पच. तिकडे कंट्रोलर हीटर वाढवत होता. मग आकडा हलला आणि पळतच सुटला. पन्नास ओलांडले, साठ ओलांडले. कंट्रोलरने हीटर बंद केला, तरी आकडा चढतच होता. मग उतरायला लागला तो पन्नासच्या खूप खाली गेला. पुन्हा वर. पुन्हा खाली.

"झिंगलेल्या माणसावानी झोकांड्या खायलंय," हरिओम म्हणाला आणि सगळे हसले.

"हसा," मी म्हणालो. "कारखान्यात हे झालं की रस करपतो. मग शिफ्टवाला तुम्हाला जे बोलतो ते तुमच्या पंक्चरच्या दुकानातसुद्धा कुणी बोलत नसेल."

हरिओमचं हसू गेलं. ते जायला पाहिजेच होतं.

"सेन्सर खराब असंल," राजेश्री म्हणाली.

"सेन्सर ठीक आहे."

"मंग कामून आसं करायलंय?"

"मला विचारू नकोस. परीक्षा तुझी आहे."

ती यंत्राकडे बघत राहिली. तिच्या कपाळावर घाम होता आणि पंखा अजून माझ्याकडेच वळवलेला होता. मी तो फिरवला नाही. मग तिने टाकीपासून सेन्सरपर्यंत नळीवरून बोट फिरवत नेलं. सगळ्या वेटोळ्यांवरून.

"गरम पाणी हितून तितं जायला येळ लागायलाय," ती म्हणाली.

"किती?"

"दहा..." ती थांबली. "मोजावं लागंल."

"मोज मग. तुझं तोंड कुणी धरलंय, हात कुणी धरलेत?"

तिने हीटर एकदम वाढवला आणि परमेश्वरला मोबाइलवर वेळ लावायला सांगितलं. चाळीसच्या वर सेकंद भरले. मी पाण्याची तोटी अर्धी बंद केली आणि म्हणालो, पुन्हा. या वेळी जवळजवळ दुप्पट भरले. परमेश्वरने मोबाइल हलवून बघितला, जसं काही तो बिघडला असावा.

"आयला," हरिओम म्हणाला, "सुतक वाढलं की."

"पाणी हळू गेलं की बातमी उशिरा पोचते," मी म्हणालो. "सुतक किती, ते आधी नातं विचारल्याशिवाय कुणी सांगतं का? तुमच्या गावात सांगतात?"

"न्हाई, सर. भटजीला इचारावं लागतंय."

"मग इथे का नाही विचारलंत?"

 शंतनु घड्याळ बघत होता. "दिनकरराव, चारपर्यंत गुण भरायचे आहेत."

मी फळ्याकडे गेलो. मी गणिताचा माणूस नाही. मला जेवढं येतं तेवढं लीलाने शिकवलेलं आहे, आणि ते शिकवताना ती माझ्यावर चिडायची. मी तिच्यासारखं समजावून सांगू शकत नाही. मी फक्त लिहिलं. डाव्या बाजूला, टाकीतल्या पाण्याचं तापमान कोणत्या वेगाने बदलतं. उजव्या बाजूला, हीटरची उष्णता, अधिक आत येणाऱ्या पाण्याची, वजा बाहेर जाणाऱ्या पाण्याची. त्या सगळ्याला भागिले टाकीत किती पाणी आहे ते.

"हे विकलक समीकरण. यात तापमान किती ते विचारलेलं नाही. ते कोणत्या वेगाने बदलतंय ते विचारलंय. आणि तो वेग आत्ता तापमान किती आहे यावर ठरतो, म्हणून तो क्षणाक्षणाला वेगळा असतो. नळीत किती वेळ जातो ते तुम्ही मोजलं. टाकी कशी वागते ते यातून निघतं. दोन्ही कळलं तर कंट्रोलरला काय सांगायचं ते कळतं. नाहीतर दहा."

"सर," परमेश्वर म्हणाला, "हे परीक्षेत इचारणार हाव का?"

"परीक्षाच चालली आहे, बाबा."

त्याने चष्मा काढून पुसला.

मी टेबलाशी आलो, टाइप केलेल्या अभिप्रायावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'हा विषय या विद्यार्थ्यांना शिकवलेला नाही. न शिकवलेल्या विषयाची परीक्षा घेता येत नाही. आधी शिकवावा, मग परीक्षा घ्यावी.' त्याखाली सही केली. गुणांचे रकाने तसेच कोरे ठेवले.

शंतनुने वाचलं. त्याचे कान लाल झाले. "याचा अर्थ कळतो का तुम्हाला? परीक्षा रद्द. मला पुन्हा घ्यावी लागेल, आणि युनिट तसंच ठेवून. प्राचार्य मला विचारतील."

"विचारायलाच पाहिजे."

"तुम्हाला परत कधी बोलावणार नाही."

"बोलावू नका."

"सूड घेताय तुम्ही. बाई गेली, आता आमच्यावर."

यावर मी काही म्हणायच्या आत राजेश्री मध्ये आली. "सर, आमचा निकाल लांबणार का?"

"हो."

"म्या निकाल दाखवला की डेअरीत लागणार हाय. तितं किती दिवस वाट बघतेल?" तिचा आवाज चढला होता. "मॅडम गेल्या त्याचा राग आमच्यावर काढायलाव का?"

"हो," मी म्हणालो. "थोडा तुमच्यावर, जास्ती यांच्यावर. पण दहा मी नाही सांगितले तुम्हाला. आणि डेअरीत दहा टाकून दूध नासवलंस तर तिथे तुला माझ्यापेक्षा वाईट माणसं भेटतील."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रागाचं होतं. हरिओम मागून कुजबुजला, "मॅडम आसं बोलत नव्हत्या." मला ऐकू जावं म्हणूनच तो बोलला.

"नव्हती बोलत," मी म्हणालो. "ती असती तर मी इथे आलोच नसतो."

परमेश्वरने शंतनुकडे पाहिलं. "मंग आमाला शिकवणार कोण, सर?"

 शंतनुने डस्टर उचललं आणि तो फळ्याकडे गेला. घासायला हात वर केला तेवढ्यात राजेश्री म्हणाली, "थांबा, सर." तो थांबला नाही. ती चालत गेली आणि त्याच्या आणि फळ्याच्या मध्ये उभी राहिली. मोबाइल काढून तिने फोटो घेतला. पहिला हलला असावा, म्हणून दुसरा घेतला. मग बाजूला झाली. "पुसा आता."

शंतनु डस्टर हातात धरून उभा राहिला आणि मग त्याने ते टेबलावर टाकलं.

मी पिशवी खांद्याला लावली. दाराशी पोचलो तेव्हा मागून राजेश्रीने विचारलं. माझ्याकडे बघत नव्हती, मोबाइलमध्ये बघत होती.

"टाकीत पाणी अर्धंच असलं, तर ह्यो वेग बदलतोय का?"

"तुला काय वाटतं?"

"बदलंल. भागायला पाणी कमी हाय. लवकर तापंल."

"किती लवकर?"

"दुप्पट." तिने मान वर केली. "मंग आधीच आसं इचारायचं हुतं, सर. नळी केवढी, टाकी केवढी. तुमी नुसतं किती सेकंद, किती सेकंद करायलाव. किती म्हणून इचारल्यावर माणूस आकडाच सांगणार की."

तिचं बरोबर होतं आणि मला ते कबूल करायचं नव्हतं.  ती शंतनुकडे वळली.

"परत परीक्षा कवा हाय, सर? तारीख सांगा. आन त्या यंत्राची किल्ली आमच्यापाशी द्या."